आक्काचा फोन वाजला की

शहराच्या अगदी टोकाला, रस्ता जिथं नदी पाहून दचकून वळतो, तिथं एक पिवळी इमारत आहे. शहरातली माणसं सकाळी उठून जे काही करतात आणि साखळी ओढून विसरून जातात, ते सगळं जमिनीखालून घरंगळत या इमारतीत येतं. शहरानं विसरायचं आणि इमारतीनं लक्षात ठेवायचं, अशी कामाची वाटणी आहे. आवारातच दोन खोल्यांचं एक बिऱ्हाड आहे. दारात सदाफुलीची एक कुंडी आहे, कारण सदाफुली सोडून दुसऱ्या कुठल्याही झाडानं तिथं राहायला होकार दिला नाही. या बिऱ्हाडात द्वारपाल राहतात.

द्वारपाल हे त्यांचं नाव नव्हे आणि हुद्दाही नव्हे. हुद्दा पंपचालकाचा. पण कचेरीतल्या कुणा वात्रट कारकुनानं हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की आता त्यांची बायकोसुद्धा रागावली की 'अहो द्वारपाल' म्हणते. स्वर्गाच्या दाराशी म्हणे दोघे उभे असतात. पाळीपाळीनं जेवायला तरी जात असतील. इथल्या दाराशी हे एकटेच. दुसरा होता, तो निवृत्त झाला, आणि त्याच्या जागी लवकरच माणूस येणार आहे. या 'लवकरच'ला आता मिसरूड फुटलंय.

दार कसलं, ते सांगायला हवं. इमारतीच्या पोटात एक खोल विहीर आहे. शहराचं सांडपाणी त्या विहिरीत येतं आणि दोन पंप ते उचलून टेकडीपलीकडच्या शुद्धीकरण केंद्राकडे ढकलतात. थोरला पंप आणि धाकटा पंप. थोरला दुरुस्तीला म्हणून गेला तो रुसलेल्या जावयासारखा तिकडेच बसून राहिला. धाकटा एकटाच संसार ओढतो. धाकटा बंद पडला की विहीर चढू लागते, आणि चढलेल्या पाण्याला दोनच वाटा. एक म्हणजे आलं तसं परत. पण परत म्हणजे खालच्या आळीतल्या न्हाणीघरांतून वर. दुसरी म्हणजे नदीकडच्या भिंतीतलं लोखंडी दार. चाक फिरवलं की दार वर उचललं जातं आणि सगळं नदीत.

हे दार बंद आहे. म्हणजे, बंद आहे असं ठरलेलं आहे. त्याला साखळी आहे, साखळीला कुलूप आहे, कुलपावर लाखेची मोहोर आहे आणि वर 'या दाराचा वापर होत नाही' अशी पाटी आहे. कुलपाची किल्ली पाटीच्या मागच्या खिळ्याला लटकते आणि लाखेची कांडी द्वारपालांच्या टेबलाच्या खणात असते. साहेबांचा हुकूम अगदी स्वच्छ आहे. घरांत पाणी शिरता कामा नये आणि दार उचलता कामा नये. मग मधल्या मधे काय करायचं, असं द्वारपालांनी नवेनवे असताना एकदा विचारलं होतं. साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "ते तुम्ही बघा."

तेव्हापासून द्वारपाल बघताहेत.

या बघण्यात त्यांचं नाक कामी आलं. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर नाकानं चक्क राजीनामा दिला. त्यांना दूध नासलेलं कळत नाही, भात करपलेला कळत नाही. बायको म्हणते, घर पेटलं तरी धूर डोळ्यांना झोंबेपर्यंत हा माणूस कूस बदलणार नाही. पाहुणे येत, रुमाल नाकाशी धरून ख्यालीखुशाली विचारत, आणि चहाचं आधण ठेवलं रे ठेवलं की त्यांना कुठलं तरी अत्यंत निकडीचं काम आठवे. द्वारपालांना बिचाऱ्यांना वाटायचं, आपले सगळे नातेवाईक फार उद्योगी आहेत.

आता त्यांच्या अडचणीचा खरा नकाशा असा, की नळाच्या वरच्या टोकाला विहीणबाई होत्या आणि नदीच्या खालच्या टोकाला आक्का.

मुलगी दिली होती खालच्या आळीत. हाकेच्या अंतरावर. गच्चीवर चढलं तर तिच्या दोरीवरचे कपडे दिसत. घर चांगलं, जावई साधा, आणि विहीणबाई म्हणजे बोलायला लागल्या की पंखा बंद ठेवला तरी चालेल. त्यांच्या न्हाणीघरातल्या मोरीतून जरा गुळगुळ आवाज आला की त्या फोन करत. "व्याहीबुवा, तुमचं काम आमच्या घरात आलंय हो," असं म्हणत, जणू काही द्वारपाल स्वतःच मोरीतून डोकं काढून बघताहेत.

आणि आक्का ही त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा हिनं त्यांना वाढवलं, ते नदीकाठच्या त्याच लहानशा गावात, जिथं ती अजून राहते. शहरातून बसनं निघालं तर चहाच्या एका थांब्यात तिथं पोचता येतं. नदी मात्र वळणं घेत, बंधाऱ्यांवर रेंगाळत जाते. दुपारी इथून निघालेलं पाणी तिथं दिवेलागणीला पोचतं. याच नदीत आक्कानं त्यांना कंबरेला धोतराचा काठ बांधून पोहायला शिकवलं होतं. तहान लागली की ते पोहतापोहताच तोंड उघडत. गावाचं पिण्याचं पाणी तेव्हाही नदीतूनच येई आणि आजही येतं. आता मधे एक टाकी आहे आणि थोडं औषध आहे, एवढाच फरक.

पहिल्यांदा दार उचललं तेव्हा द्वारपालांच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. विहिरीच्या भिंतीवरची धोक्याची लाल खूण बुडाली, त्यांनी चाक फिरवलं, घरं वाचली, साहेब काही बोलले नाहीत. पुढं काही दिवसांनी निरोप आला की आक्काला कावीळ झालीय. तिची सगळी गल्लीच आजारी होती. तेव्हा दुसरा पंपचालक होता, त्याच्यावर पंप सोपवून ते तसेच धावत गेले. आक्का खाटेवर पडून होती, डोळे हळदीसारखे झालेले. तिनं आधी विचारलं, जेवलास का. मग भिंतीकडे तोंड करून विचारलं, "सोन्या, ते दार तू उचललं होतंस का रे?"

त्यांनी तिच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं, आणि तिनंही पुन्हा कधी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून फोनची पद्धत पडली. दार उचलायचं झालं की आधी आक्काला फोन. बोलायचं काही नाही, कारण जे दार उघडतच नाही त्याबद्दल काय बोलणार? फोन वाजला की आक्कानं समजायचं आणि हंडे भरायला घ्यायचे. आक्का हंडे भरते म्हटल्यावर शेजारीण भरू लागली. शेजारीण भरते म्हटल्यावर गल्ली. त्या गल्लीतच गावच्या टाकीवरचा पाणीवाला राहत होता. दारात हंड्यांची रांग दिसली की तो सायकल काढी, नदीतून पाणी ओढणारा नळ बंद करी, आणि घाण वाहून जाईपर्यंत टाकीवर पत्ते कुटत बसे. कुणी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं, कुणाला काही ठाऊक नव्हतं, आणि सगळं गाव वाचत होतं. सरकारी यंत्रणा इतकी सुरळीत चाललेली कुणी पाहिली नसेल.

फक्त एक झालं. द्वारपालांना सख्ख्या बहिणीला फोन करण्याची सोय राहिली नाही. तिच्या गुडघ्याची चौकशी करावी म्हणून एकदा त्यांनी फोन लावला, तर तिकडे अख्ख्या गल्लीनं पिंपं भरून ठेवली. नातू झाला तेव्हा आनंदाच्या भरात पुन्हा भान सुटलं. आक्कानं "हॅलो" म्हणायच्या आत शेजारणीनं कळशी उचलली होती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी पाणी ओतून दिलं आणि आक्काला चार शब्द ऐकवले. तेव्हापासून ठरलं, गप्पा मारायच्या तर फोन आक्काच करणार. ह्यांनी करायचा तो फक्त दारासाठी.

नातू झाला होता, पण आजोबांनी तो पाहिला नव्हता. बाळंतपण माहेरी करायचा प्रश्नच नव्हता. त्या हवेत ओल्या बाळंतिणीनं राहायचं का, असं विहीणबाईंनी विचारलं, आणि ज्याच्या नाकानं राजीनामा दिलेला, तो माणूस हवेबद्दल काय सांगणार? बायको मुलीपाशी जाऊन राहिली. बाळाला इकडं आणायचं नाही, आणि पंप सोडून ह्यांना तिकडं जाता येत नाही. फोनवर फोटो आला होता, पण फोटोत सगळी बाळं एकाच कारखान्यातली दिसतात. मग द्वारपाल सकाळ-संध्याकाळ गच्चीवर जाऊन दोरीवरच्या दुपट्यांकडं बघत. दुपटी वाढली की त्यांना वाटे, बाळाची तब्येत चांगली आहे.

अशातच एका सकाळी धाकट्यानं घरघर केली, एक मोठा उसासा टाकला आणि तो गप्प झाला.

द्वारपालांनी साखळी लावून त्याला वर ओढला, झाकण खोललं आणि आकडा घालून आतलं बाहेर काढायला सुरुवात केली. साडीची चिंधी निघाली, दोरी निघाली, एक मोजा निघाला. आणि मग निघाले ते विकतचे, एकदा वापरून फेकायचे लंगोट. फुगलेले, पात्यांभोवती घट्ट वळलेले, एकामागून एक. त्यांनी एक आकड्यावर धरून उजेडात पाहिला. लहान होता. अगदी नव्या माणसाचा. खालच्या आळीत सध्या एवढं लहान माणूस एकच होतं. द्वारपालांनी तो अलगद कठड्याशी ठेवला. नातवाची आणि आजोबांची ही पहिली भेट.

मोकळं करायला दुपार टळणार हे दिसत होतं. तिकडं विहीर लाल खुणेकडं निघाली होती. त्यांनी हात धुतले आणि आक्काला फोन लावला.

फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

असं कधी झालं नव्हतं. आक्का दुसऱ्या घंटेला उचलायची, अंघोळीला गेली तरी फोन मोरीच्या कट्ट्यावर ठेवायची. त्यांनी पुन्हा लावला. लंगोट काढला, लावला. चिंधी काढली, लावला. गावातला दुसरा कुणाचा नंबर त्यांच्याकडं नव्हता, आणि तो त्यांनी मुद्दामच घेतला नव्हता. नंबरच नाही म्हटल्यावर कळवल्याचा आळ कसा येणार? आळ यायच्या वाटा बुजवण्यात त्यांनी सगळी अक्कल खर्च केली होती, आणि आता आत तेच अडकले होते.

विहीणबाईंचा फोन आला. मोरी बोलू लागली होती. थोड्या वेळानं बायकोचा आला. तिनं मस्करी केली नाही. न्हाणीघरात घोट्याएवढं पाणी आहे, म्हणाली, काळं, आणि बाळंतिणीची खोली त्याला लागूनच. माळ्यावर न्यायचं म्हटलं तर शिडी उभी आहे, टाक्यांचं पोट घेऊन पोरगी चढणार कशी. मग साहेबांचा आला. साहेबांनी दोन्ही हुकूम पुन्हा एकदा स्पष्ट करून सांगितले.

द्वारपालांनी पाटीमागची किल्ली काढली, लाख फोडली, कुलूप उघडलं आणि चाकावर दोन्ही हात ठेवले. हात तिथंच राहिले. चाक फिरवलं तर संध्याकाळी ते पाणी आक्काच्या गावच्या नळाला येणार, आणि गल्ली ते भरून पिणार, कारण हंड्यांची रांग लागली नाही म्हणजे पाणी चांगलं, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. नाही फिरवलं, तर हाकेच्या अंतरावर पाणी उंबऱ्याकडं सरकत होतं. ते स्वतः उठून गावाला जाऊ शकत नव्हते, कारण चाक सोडता येत नव्हतं. चाक धरून काही करू शकत नव्हते, कारण फोन कुणी घेत नव्हतं.

"इथं होय तू?" मागून आवाज आला. "मेला केवढा वास येतोय. सोन्या, तू जगतोस कसा इथं?"

दारात आक्का उभी होती. एका हातात पिशवी, पिशवीतून डोकावणारं बाळाचं लोकरी टोपडं, दुसऱ्या हातातला पदर नाकाशी.

द्वारपालांनी तिच्याकडं भूत बघावं तसं पाहिलं. "फोन कुठाय तुझा?"

घरी, ती म्हणाली. बसमधे गर्दी असते, कोण कुठं हात घालील सांगता येत नाही. म्हणून फळीवरच्या रिकाम्या घागरीत टाकला, उंदरांची भीती नको, आणि दाराला कुलूप लावून आली. "आणि वाजला तर तुझाच वाजणार ना? मी तुझ्याकडंच चाललेय, मग तो ओझं म्हणून कशाला वागवायचा?"

या बिनतोड बोलण्यावर द्वारपालांनी नुसतं विहिरीकडं बोट दाखवलं. आक्का कठड्याशी गेली, तिनं खाली पाहिलं. मग दाराकडं पाहिलं, पाटी वाचली, चाकावरचे भावाचे हात पाहिले. इतकी वर्षं ती ज्याच्या फोनवर उठत होती ते दार ती पहिल्यांदाच बघत होती. तिनं पदर नाकावरून काढला.

पोरीच्या घरात किती चढलंय, तिनं विचारलं. घोट्याच्या वर, ते म्हणाले. शेजारणीचा नंबर पाठ आहे का? नाही, ती म्हणाली, तिला हाक मारली की ती येते, नंबर कशाला पाठ करायचा. पाणीवाल्याचा? त्याचा तर मुळीच नाही. तिला आयुष्यात एकच नंबर पाठ होता, तिचा स्वतःचा. तो द्वारपाल सकाळपासून फिरवत होते.

कठड्याशी काढून ठेवलेल्या लंगोटांच्या ढिगाकडं आक्काचं लक्ष गेलं. "हे त्याचे?"

"असावेत."

"खातं-पितं आहे पोर," ती म्हणाली. मग तिनं पिशवी खाली ठेवली, टोपडं काढून खिडकीच्या दांडीला लटकवलं आणि रिकामी पिशवी काखेत मारली. "इथून पाणी पोचतं दिवेलागणीला. बस त्याच्या आधी पोचते. मी गाडीत बसले की उचल."

"बाळ तरी बघून जा. पाच मिनिटांची वाट आहे."

"बाळ कुठं पळून चाललंय? ही नदी चाललीय."

ती निघाली. गुडघा धरत, कडेकडेनं. द्वारपालांना तिच्याबरोबर थांब्यापर्यंतसुद्धा जाता आलं नाही. गच्चीवरून त्यांनी बस आलेली पाहिली, तिला हात देऊन वर घेणारा कंडक्टर पाहिला, आणि मग खाली येऊन चाक फिरवलं. दार कुरकुरलं आणि वर गेलं. त्यांच्या नाकाला काही कळत नव्हतं, पण कानाला कळत होतं. नदीत पडताना त्याचा आवाज धबधब्यासारखाच होता, अगदी निर्मळ. थोड्या वेळानं बायकोनं कळवलं की मोरीतलं पाणी उतरलं आणि विहीणबाई आता फिनेलची अख्खी बाटली घेऊन मोरीत उतरल्यात. कुणी दार उचललं, हे कुणी विचारलं नाही.

दुपार टळता टळता धाकटा पुन्हा घरघरू लागला. दार खाली आलं, कुलूप लागलं, त्यांनी खणातली कांडी वितळवून नवी मोहोर ठोकली. मग ते घड्याळाकडं आणि फोनकडं आळीपाळीनं बघत बसले. बस बंद पडली तर? घाटात ट्रक आडवा असला तर? आक्का उतरून गल्लीपर्यंत त्या गुडघ्यानं किती वेळात जाईल?

ऊन पुरतं कलायच्या आतच फोन आला.

"पोचले," आक्का म्हणाली. तिला धाप लागली होती आणि आवाज विचित्र येत होता. रडतेय की काय, म्हणून द्वारपाल उठून उभे राहिले. मग कळलं, ती हसतेय.

गल्लीच्या तोंडाशीच तिला हंड्यांची रांग दिसली. दारोदार भरलेली पिंपं, पातेली, बादल्या. कुणी तर बाळाचा टबसुद्धा भरलेला. पाणीवाला सकाळीच टाकीवर गेला होता आणि त्याचे पत्त्याचे दोन डाव हरून झाले होते. आक्काचं घर बंद, तरी आतून सकाळपासून फोन वाजतोय म्हटल्यावर गल्लीला दुसरं काय वाटणार? आणि फोन घागरीत. घागर वाजली ती देवळातल्या घंटेसारखी, तिच्या थरथरीनं फळीवरची सगळी भांडी नाचायला लागली, आणि आवाज पार मागच्या गल्लीपर्यंत गेला. मागची गल्लीही या वेळी भरून बसली होती. शेजारीण म्हणाली, आजवर एवढा चांगला फोन कधी वाजला नव्हता.

द्वारपाल खुर्चीत बसले. हसावं की काय करावं, हे त्यांना ठरवता येईना. म्हणजे आक्कानं बाळ न बघता गुडघ्याचा जीव काढून जी धावपळ केली, तिची गरजच नव्हती.

"मग उद्या ये," ते म्हणाले. "बाळ बघायला. या वेळी फोन बरोबर आण, म्हणजे मला—"

"आणि इथं वाजायचं काय? माझं डोकं?" आक्का म्हणाली. गल्लीनं आताच तिला बजावलं होतं. बाई, तुम्हाला जायचं तिकडं खुशाल जा, पण फोन घागरीत ठेवून जा.

"बरं, ऐक. बाळ कुणासारखं आहे रे?"

द्वारपालांनी खिडकीच्या दांडीवरच्या टोपड्याकडं पाहिलं. "मी तरी कुठं पाहिलंय," ते म्हणाले.

पलीकडं कुणीतरी आक्काला हाक मारली. हंडा ठेवायला तिच्या ओट्यावर जागा हवी होती. "येते गं," म्हणत तिनं फोन बंद केला.

तेव्हा द्वारपालांना आठवलं, आपण तिच्या गुडघ्याचं विचारलंच नाही. दिवसभर ती दोन बसमधे अवघडून बसली, जेवली का तेही विचारलं नाही. त्यांनी फोन पुन्हा उचलला, तिचा नंबर काढला आणि हिरव्या बटणावर अंगठा नेला.

बाहेर धाकटा घरघरत होता. गच्चीवरून दिसणाऱ्या दोरीवर आता विहीणबाईंची धुतलेली पायपुसणी वाळत होती. तिकडं गावात दिवे लागायची वेळ झाली होती. सगळी गल्ली भरलेल्या हंड्यांशेजारी निवांत बसली असेल.

त्यांनी अंगठा उचलला आणि फोन उपडा करून टेबलावर ठेवला.